पक्षीण व तिची पिले
(अनुवाद २२ : ६, ७)

मोशेच्या नियमशास्त्रात एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत घरटे आढळले व पक्षीण अंड्यांवर बसलेली असली, तर पिले घेण्याची मोकळीक आहे. परंतु आईला सोडून दिले पाहिजे. आईबापांचा मान राखणाऱ्यास कल्याणाचे व दीर्घायुष्याचे जे अभिवचन दिले आहे, तेच येथेही जोडले आहे. यावरून ही आज्ञा देवाच्या दृष्टीने क्षुल्लक नाही, हे उघड होते.

हे वचन आपल्या पाताळगंगेच्या काठी नेऊन वाचा. मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे गाभोळीने भरलेले मासे ओढ्यांतून शेतांत चढतात, आणि त्याच रात्री आपली माणसे दिवे घेऊन निघतात. चढणीचा मासा म्हणजे अंड्यांवर बसलेली पक्षीणच होय. त्याला धरणारा एका जेवणासाठी पुढील वर्षाचे ताट उपडे करतो. रानाचेही तसेच. फांदी तोडली तर झाड पुन्हा फुटते. मूळच खणले तर काय फुटणार?

कोणी म्हणेल, “गरिबाचे चार मासे दिसतात, मग मोठ्यांचे काय?” हा प्रश्न न्याय्य आहे. लोणावळ्याकडील तलावांत अडविलेले पाणी १९१५ सालापासून खोपोलीच्या वीजघरात उतरते व पाताळगंगेस मिळते. म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. याच नदीच्या काठी रसायनीस १९६० नंतर कारखाने उभे राहिले, आणि पुढे प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत तिचे नाव आले. निर्मळ पाणी आपण पिऊन उरलेले पायांनी गढूळ करणाऱ्यांचा न्याय परमेश्वर करील, असे यहेज्केल संदेष्टा सांगतो (३४ : १८). त्यांचा हिशेब चुकणार नाही. तथापि त्यांच्या पापाने आपले पाप धुतले जात नाही. ज्याचे हात स्वच्छ आहेत, तोच ग्रामसभेत उभा राहून नदीसाठी निर्भयपणे बोलू शकेल.

उपदेशक बंधूंनो, हे वचन मृगापूर्वी मंडळीत वाचा. चढणीचा मासा धरणार नाही, डोहात विष कालविणार नाही, असा प्रत्येक घराने निश्चय करावा. परंतु ज्याची चूल त्या दिवशी पेटलीच नाही, त्याच्या दारी आधी तांदूळ पोहोचवा व मग आज्ञा वाचा. भुकेल्यास नुसता नियम ऐकविणे हा उपदेश नव्हे.

ज्याने आईला सोडण्यास सांगितले, तो आपल्या लेकरांना विसरणार नाही. आमेन.