खानदेश शिकवणारा पेपर

आदिवासी विद्यार्थ्याची त्याच्या संस्कृतीविषयी तोंडी परीक्षा होते, पण ती महाविद्यालयात नव्हे. जमातीच्या दाखल्याची पडताळणी करताना कागदपत्रांवर समितीचे समाधान झाले नाही, तर दक्षता पथक कुलदैवत विचारते, लग्नाचे विधी विचारते, बोली विचारते. आप्तभाव चाचणी म्हणतात तिला. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाला 2023 मध्ये सांगावे लागले. मात्र चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या वर्गात तीन वर्षे बसून हे ज्ञान कोणाच्या कामी येत नाही.

आपल्या समाजाचे ज्ञान वर्गात यावे यासाठी अमेरिकेत 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिन वंशाच्या विद्यार्थ्यांनी जवळपास पाच महिने संप केला, आणि आपल्या समाजांचा अभ्यास करणारी विद्याशाखा मिळवली. आज कॅलिफोर्नियात कमी फीच्या, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांतही हा विषय आहे. आपल्याला संपाची गरज नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांचे श्रेयांक आहेतच. ते कशाने भरायचे, एवढाच प्रश्न आहे.

माझे उत्तर: खानदेशच्या समाजांच्या अभ्यासाने. धरणगावच घ्या. जेम्स औट्रमने 1825 मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, तिचे ठाणे इथे होते. इंग्रजांच्या लेखी ही दंगेखोरांना माणसांत आणल्याची गोष्ट. पण सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक 1857 मध्ये त्याच इंग्रजांविरुद्ध उठला आणि पुढच्या वर्षी अंबापाणीला लढाई झाली. चाकरी आणि बंड, दोन्ही एकाच समाजात कशी, याचे उत्तर 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये मिळणार नाही. ते साहेबाने साहेबासाठी लिहिले. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी दप्तरे जपली, हे उपकार मोठे. पण कागदावर कधी न उतरलेले दप्तरात कुठून येणार? त्यासाठी पाड्यावर जाऊन म्हाताऱ्यांपुढे बसावे लागेल आणि त्यांची बोली समजावी लागेल. ती समजणारी मुले आपल्याच वर्गात आहेत.

यावल-रावेरचे तडवी तर कुठल्याच ठरीव खान्यात मावत नाहीत. धर्माने मुसलमान, मूळ भिल्लांचे, सरकारी नोंदीत अनुसूचित जमात. धर्म आणि जमात यांवर कोरडी व्याख्याने देण्यापेक्षा हे एक उदाहरण सत्रभर पुरेल.

अशा पेपरमुळे मुलांत जातपात वाढेल, अशी भीती काही प्राध्यापक बोलून दाखवतात. मला ती पटत नाही. जात प्रवेशअर्जावर आहे, शिष्यवृत्तीच्या यादीत आहे, वसतिगृहाच्या खोलीवाटपात आहे. फक्त जिथे तिच्याबद्दल विचारपूर्वक बोलता येईल, त्या वर्गात नाही. म्हणूनच हा पेपर केवळ आदिवासी मुलांसाठी ठेवू नये. नंदुरबारला आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे, तिने आपले काम करावे. पण लेवा, गुजर, मराठा घरांतल्या मुलामुलींनीही पावरा-भिल्लांचा इतिहास शिकला पाहिजे, आणि पावरा मुलाने केळीच्या बागेमागचा लेवा शेतकरी समजून घेतला पाहिजे.

शाळेत न गेलेल्या कवयित्री बहिणाबाईंचे नाव या विद्यापीठाने 2018 मध्ये घेतले. अभ्यास मंडळांच्या सदस्यांनी आता त्या नावाला जागावे आणि येत्या सत्रापासून निदान दोन श्रेयांक खानदेशच्या समाजांना द्यावेत.