आवाज कोणाचा?

उत्पत्तीच्या पुस्तकात दृष्टी मंदावलेला इसहाक आपल्या मुलाला चाचपून पाहतो, तो प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. हातांवरील केस एसावाचे वाटतात, वस्त्रांचा गंध एसावाचा येतो. आवाज मात्र याकोबाचा असतो. वृद्ध पित्याने हातांवर भरवसा ठेवला आणि तो फसला. तेथे खरे बोलणारी साक्ष एकच होती, ती म्हणजे आवाज. ही साक्ष माणसाने आजवर प्रमाण मानली आहे. अपरात्री दार वाजले की आपण 'कोण?' म्हणून विचारतो आणि 'मी' एवढ्या एकाक्षरी उत्तरावर कडी काढतो.

या साक्षीचे आता काय होणार, असा प्रश्न मनात येण्यास एक घटना कारण झाली. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे अ‍ॅमेझॉन कंपनीने भरवलेल्या परिषदेत, 'अलेक्सा' या बोलक्या यंत्राचे तेव्हाचे प्रमुख शास्त्रज्ञ रोहित प्रसाद यांनी एक छोटी चित्रफीत दाखवली. एक मुलगा यंत्राला विचारतो, आजी मला 'द विझर्ड ऑफ ऑझ' पुढे वाचून दाखवील का? यंत्र होकार देते आणि आजीच्या आवाजात वाचन सुरू होते. एवढा आवाज घडवण्यास एक मिनिटाहूनही कमी ध्वनिमुद्रण पुरते, असे सांगण्यात आले. महासाथीत कित्येकांनी जिवलग गमावले. ते दुःख यंत्र पुसू शकत नाही, आठवणी मात्र टिकवू शकते, अशी प्रसाद यांची भूमिका होती.

ते केवळ प्रात्यक्षिक होते, आणि त्यात आजी छापील पुस्तकच वाचत होती. तथापि यंत्राचे पाऊल तेथेच थांबलेले नाही. २०१४ साली अलेक्सा बाजारात आली तेव्हा ती बेतलेल्या प्रश्नांना बेतलेली उत्तरे देई. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालेली तिची नवी आवृत्ती संभाषण करते, वाक्ये स्वतः जुळवते. आजीचा गळा आणि यंत्राची वाक्ये ही दोन्ही कौशल्ये एकत्र येण्यास आता फारसा अडसर उरलेला नाही.

याची थट्टा करणे सोपे आहे. मला ती करवत नाही. मुले परदेशी, जोडीदार मातीआड, आणि संध्याकाळी घरात बोलायला कोणी नाही, अशी घरे आपल्या धर्मग्रामात प्रत्येकाने पाहिली आहेत. अशा घरात गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला तर डोळ्यांत पाणी येणारच. त्या पाण्याला खोटे कोण म्हणेल?

माझ्याजवळ आईच्या आवाजाची एक जुनी कॅसेट आहे. घरात जपमाळ चालली असताना भावाने कौतुकाने ती भरून घेतली होती. आई मरियामातेची लितानी सांगते आहे. मध्येच ती थांबते, शेळी सुटून भाजीच्या वाफ्यात शिरली म्हणून कोणावर तरी ओरडते, आणि सोडलेल्या जागेवरून लितानी पुढे सुरू करते. हे ती खरोखर बोलली होती. तिच्या ओरडण्यातला आमच्या गावबोलीचा हेलही त्यात आहे. उद्या त्याच आवाजात यंत्र मला म्हणाले, 'बाळा, जेवलास का?', तर शब्द मायेचेच असतील. पण ते तिने म्हटलेले नसतील. आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस असे सांगते. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे, गोड असले तरी, याच आज्ञेच्या कक्षेत येते असे मला वाटते. ती हरकत घ्यायला उठून येऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, मग भिंतीवरील तसबिरीचे काय? इ. स. ७८७ मध्ये निकेया येथील दुसऱ्या धर्मसभेने पवित्र प्रतिमांचा आदर योग्य ठरवला, तो याच कारणाने की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो. प्रतिमा गप्प राहते, आणि आपण ज्या व्यक्तीची आहोत तिच्याकडे बोट दाखवते. उत्तर देणारी प्रतिमा मात्र त्या व्यक्तीची जागाच घेऊन बसते.

शौल राजाची कथा येथे आठवते. पलिष्ट्यांच्या सैन्याला भ्यालेला शौल वेष पालटून एनदोरच्या स्त्रीकडे जातो आणि मृत शमुवेलाला बोलावण्यास सांगतो. असे बोलावणे निषिद्धच आहे. परंतु मला जाणवते ती गोष्ट निराळी. शमुवेल येतो तो रागावून, आणि राजाला उद्याचा पराभव व मरण तोंडावर सांगतो. मेल्यावरही तो शमुवेलच राहतो. यंत्रातील आजीला ही मुभा नाही. ती अबोला धरणार नाही, रुसणार नाही, 'आधी हातपाय धू' म्हणून नातवाला अडवणार नाही. घरातली लहानथोर जिला जन्मभर वचकून असत, ती मरणानंतर घरची आज्ञाधारक सेविका होते: दिवा लाव, भाव सांग, गोष्ट वाच. नोव्हेंबरमध्ये आपण कबरस्थानात मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्यांच्याकडून कामे करून घेत नाही. संतांनाही आपण विनवतो, हुकूम सोडत नाही.

२८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या 'आंतिक्वा एत नोव्हा' या टिपणात कृत्रिम बुद्धीला व्यक्ती म्हणून भासवणे नेहमीच टाळावे, असे बजावले आहे. या यंत्रांपाशी साठणारे आवाज कोणाच्या ताब्यात असतात, हाही प्रश्न आहेच. मुलांची ध्वनिमुद्रणे पालकांनी सांगूनही पुसली नाहीत, या अमेरिकी सरकारच्या आरोपावरून २०२३ साली अ‍ॅमेझॉनने अडीच कोटी डॉलरचा दंड मान्य केला. आरोप मात्र कंपनीला मान्य नव्हता.

गेल्या सुटीत पुतण्या म्हणाला, "काका, कॅसेट द्या, आजीला बोलती करतो. एक मिनिट पुरेल." मी म्हटले, आधी आहे ते ऐक. तो ऐकत बसला. शेळीपाशी आल्यावर खळखळून हसला आणि फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग त्याने विचारले, "शेळीचं नाव काय होतं?"

मला ते आठवेना. फितीतही ते नव्हते.