ओटीवरची भिंत



माझ्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक काका दर महिन्याला चर्चच्या ऑफिसात येत आणि आपल्या मयत भावाच्या आत्म्यासाठी मिस्साची नोंद करीत. मी नाव लिहून घेई, पावती फाडून देई. वर्षभर असे चालले. एके दिवशी पावती हातात घेऊनही ते उठेनात. मग म्हणाले, “फादर, वडिलांच्या घराचे दोन भाग झाले, ओटीवर भिंत आली. भांडण विहिरीच्या वाटेवरून. अकरा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. मयताला गेलो, तेही लोक काय म्हणतील म्हणून. आता रात्री दोनला जाग येते. भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू येतो.”

वर्षभर हा माणूस माझ्यासमोर येऊन बसत होता आणि मी पावत्या फाडत होतो. त्याची लाज मला अजून वाटते.

आपण म्हणतो, बोलणे बंद केले म्हणजे कटकट मिटली. खरेच मिटते का? अबोला धरणाऱ्याला सतत पहारा द्यावा लागतो. तो कोणत्या वाटेने येईल, लग्नात कुठे बसेल, शांतीची खूण करताना समोर आला तर काय करायचे! हा पहारा मनाला थकवतो. झोप जाते, चिडचिड घरातल्या मुलांवर निघते.

संत लूकच्या 15 व्या अध्यायातला थोरला मुलगा आठवा. धाकट्याविषयी आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. थोरला मात्र घरातच राहूनही दुरावलेला होता. शेतावरून येताना त्याला वाद्ये ऐकू येतात, तरी तो आत जात नाही. बाहेर चाकराला विचारतो. बापाशी बोलताना तो “माझा भाऊ” म्हणत नाही, “तुमचा हा मुलगा” म्हणतो. बाप उत्तरात हळूच दुरुस्ती करतो: “हा तुझा भाऊ.” बापाजवळ घालवलेली सारी वर्षे थोरल्याला गुलामीसारखी वाटू लागली होती. मनातला भाऊ पुसला, तेव्हा बापही फक्त मालक उरला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मार्टिन ब्यूबर यांचा विचार मी परीक्षेपुरता पाठ केला होता, की ‘तू’ भेटतो तेव्हाच ‘मी’ घडतो. गुण चांगले पडले. अर्थ त्या काकांमुळे कळला.

वैद्यकशास्त्रही यापासून दूर नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 1938 साली सुरू झालेल्या अभ्यासात 724 पुरुषांच्या आयुष्याचा अनेक दशके मागोवा घेतला. वयाच्या पन्नाशीत ज्यांचे जिव्हाळ्याचे संबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा या समाधानावरून पुढचा अंदाज चांगला बांधता आला. आपण कोलेस्टेरॉल मात्र न चुकता तपासतो!

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जिथे मारहाण आहे, दारू पिऊन धिंगाणा आहे, तिथे “जुळवून घे, प्रार्थना कर” असे कुणी बहिणीला सांगू नये, धर्मगुरूनेही नाही. आधी ती आणि मुले सुरक्षित हवीत. क्षमेचे पुढे पाहता येईल. तसेच, ज्याचे मन आजारी पडले आहे त्याला “विश्वास कमी पडला” म्हणू नये. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, आणि पुढे अलिशाची सोबत दिली. म्हणून डॉक्टरकडे जायला संकोच करू नका. सरकारचा टेली-मानस हा 14416 क्रमांक विनामूल्य आहे, रात्रीही चालतो.

त्या काकांनी डॉक्टरांना दाखवले, आणि पुढे माझ्यासोबत ते भिंतीपलीकडे गेले. वहिनींनी दार उघडले, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला. भिंत अजून आहे. विहिरीची वाट मात्र पुतण्याने मोकळी केली.

रोज संध्याकाळच्या मिस्सानंतर मी ऑफिसात असतो. नोंद करायची नसली तरी या. पावतीपुस्तक कपाटात ठेवून बसेन.

— तुमचे फादर