गोणीच्या तळाशी



आपल्या ओतूरच्या बाजारात व्यापारी वरचा गोळा कांदा पाहून थांबत नाही, गोणी पालथी करायला लावतो. तळाशी बदला निघाला तर भाव जातो, आणि नावही जाते. माणसाचेही तसेच आहे. मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न, घराचा स्लॅब ही आपली उद्दिष्टे वरच्या कांद्यासारखी असतात. ती सगळ्यांचीच चांगली असतात. ती गाठण्यासाठी आपण काय केले, हे मात्र तळाशी असते.

अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता (१ राजे २१). मळा हवासा वाटणे हे पाप नव्हे. नाबोथ नको म्हणाला, तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडली, उपास जाहीर केला, दोन साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला दगडमार करून मारले. शिक्का, पंच, साक्षीदार, उपाससुद्धा; कागदोपत्री सारे बिनचूक होते!

आपल्याकडेही असे कागद होतात. पूर्वीच्या धर्मग्रामात एक विधवा बहीण मला म्हणाली, “फादर, भाऊ म्हणाला पीककर्जाला तुझी सही लागते. मी केली. ते हक्कसोडपत्र होते.” भारतीय वारसा कायदा, १९२५ प्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मिळकतीत मुलाला व मुलीला सारखाच वाटा आहे. बहिणीने समजून-उमजून, आनंदाने वाटा सोडला तर ते दान. फसवून सही घेतली तर ती चोरी. सातबारा दोन्हीकडे सारखाच दिसतो. देवाला मात्र फरक दिसतो.

“पण हेतू चांगला होता ना?” असे आपण म्हणतो. स्वराज्याहून मोठा हेतू कोणता? तरी ४ फेब्रुवारी १९२२ रोजी चौरीचौरा येथे जमावाने पोलीस चौकी जाळली, वीसहून अधिक पोलीस मेले, तेव्हा गांधीजींनी देशभरचे असहकार आंदोलन थांबवले. सहकारी नाराज झाले. पुढच्याच महिन्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले गेले. हाती काहीच लागले नाही, तरी वाईट साधनाने मिळणारे यश त्यांनी नाकारले.

साध्य मिळेल किंवा न मिळेल. साधन मात्र हाताला सवय लावून जाते. एकदा खोटे बोलून काम झाले, की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही. कोतेपणा असाच, एकेका सहीने, स्वभावात उतरतो. मीही यातून सुटलेलो नाही. मंदिरासाठी मोठी देणगी आली, की ती कुठून आली हे मी कितीदा विचारले?

जक्कयाने येशूला घरी घेतले, तेव्हा नुसते अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचा शब्द दिला (लूक १९). प्रायश्चित्त संस्काराला येण्याआधी या आठवड्यात आपणही घरातली कागदांची पिशवी उघडू या. एखादी सही खुपत असेल, तर आधी बहिणीच्या दारात जाऊ या. वेदी कुठे जात नाही. ती वाट पाहील.

ख्रिस्तात तुमचा,
धर्मगुरू