खजुरीचा फुलोरा आणि मदीनेचा धडा



रमजानमध्ये रोजा सोडताना आपण खजूर मुखी घालतो आणि त्यातील बी बाजूला ठेवतो. दाण्याला व खजुराच्या बीला दुभंगून अंकुर काढणारा अल्लाहच आहे, असे सूरह अल-अनआममध्ये (आयत ९५) सांगितले आहे. ते बी फळात आलेच कसे, याचा आज क्षणभर विचार करू या.

खजुरीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. फळ केवळ मादीला येते. पण नर फुलांचे पराग तिच्या फुलांवर पोहोचल्याशिवाय ते नीट धरत नाही. वाराही हे पराग वाहून नेतो. परंतु त्याच्यावरच भिस्त ठेवायची तर बागेत नर झाडे पुष्कळ लागतात. म्हणून अरब बागायतदार प्राचीन काळापासून नराच्या तुऱ्यातील काही काड्या तोडून, उंच झाडावर चढून, त्या मादीच्या उमललेल्या फुलोऱ्यात खोचत आले आहेत.

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार, मदीनेत हे काम करणारे लोक पाहून आदरणीय पैगंबरांनी (स.) विचारपूस केली आणि याचा काही उपयोग होत असेल असे वाटत नाही, असे मत व्यक्त केले. लोकांनी ते काम थांबवले. त्या हंगामात खजूर निकृष्ट निघाला. हे कळताच प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की तो आपला केवळ अंदाज होता, उपयोग होत असेल तर त्यांनी ते अवश्य करावे. ऐहिक व्यवहार तेच अधिक जाणतात. मात्र अल्लाहच्या वतीने जे सांगितले जाईल ते घट्ट धरावे.

ज्यांच्या एका शब्दावर अनुयायी प्राण द्यायला तयार होते, त्यांनी आपला अंदाज हा अंदाज आहे असे निःसंकोच सांगितले. आपल्यातील किती वडीलधारे, किती विद्वान असे सांगू शकतील? आणि दुसरा बोध असा की, साधने सोडून देण्याला तवक्कुल म्हणत नाहीत. परागांत फळाचे कारण ठेवणाराही अल्लाहच आहे.

तरीही साधनालाच कर्ता समजू नये. माणसाचा हात फुलापर्यंतच पोहोचतो. पुढे परागकणातून एक सूक्ष्म नलिका बीजांडापर्यंत उतरते. तिच्यातील दोन नरपेशींपैकी एक अंडपेशीशी एकरूप होऊन भ्रूण घडवते. दुसरीपासून त्या भ्रूणाची शिदोरी तयार होते. खजुराचे कठीण बी बहुतांशी ही शिदोरीच असते. या दुहेरी फलनाचा उलगडा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिलीच्या कुळातील फुलांत केला. त्याआधी शतकानुशतके बागायतदार काड्या खोचत होते, आणि आत हे सारे अल्लाहच्या आज्ञेने घडतच होते.

आपल्या शेतांत व परसात हे काम पुष्कळदा मधमाशी करते. भोपळ्याच्या वेलावरही नर आणि मादी फुले निराळी असतात. माशी फिरकली नाही तर कोवळे फळ पिवळे पडून गळते. ऐन फुलोऱ्यात, माशा फुलांवर असताना विषारी फवारणी करायची आणि मग भरघोस पिकासाठी हात पसरून दुआ मागायची, हे मदीनेच्या धड्याला धरून आहे काय? ज्या दारातून रोजी येते ते आपल्याच हाताने का बंद करावे?

अल्लाह आपणांस प्रयत्नांची जाण, चूक मान्य करण्याची नम्रता आणि त्याच्यावरील दृढ विश्वास प्रदान करो. आमीन.