भूकंपाच्या नोंदी कोण वाचणार?

सप्टेंबर 2022मध्ये मराठवाड्यात, निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. गाव धास्तावलं, तपासणीसाठी शास्त्रज्ञ आले. जवळच किल्लारी. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपाच्या पहाटेची इथल्या कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही.

अशा वेळी जमिनीतल्या बारीक हालचाली टिपण्यात कृत्रिम बुद्धिमत्ता खरंच उपयोगी ठरते. भूकंपमापकाच्या आलेखात पहिली लहर नेमकी कुठे उमटली, हे पूर्वी तज्ज्ञ डोळ्यांनी शोधत. पुढे ठरावीक गणिताने संगणक ते करू लागला, पण बाकीचा गोंगाटही त्याला धक्का वाटे. 2018मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी याच कामासाठी ‘फेजनेट’ तयार केलं. नियम सांगण्याऐवजी त्यांनी तज्ज्ञांनी खुणा केलेल्या लाखो नोंदी त्याच्यापुढे ठेवल्या.

मग हाव वाढली. धक्का टिपता येतो, तर पुढचा कुठे बसेल हेही कळेल! त्याच वर्षी ‘नेचर’मध्ये 13,451 प्राचलं (शिकताना ठरणारे आकडे) वापरून मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्यांच्या जागांचा अंदाज बांधणारा शोधनिबंध आला. 2019मध्ये त्याच नियतकालिकात दोघांनी दाखवून दिलं, की अवघ्या दोन प्राचलांच्या साध्या सूत्रानेही तितकंच साधतं. या क्षेत्रातल्या प्रत्येकाने हे दोन्ही निबंध शेजारीशेजारी ठेवून वाचावेत.

खरी अडचण गणिताची नाहीच, अपुऱ्या नोंदींची आहे. 1984च्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. 2002मध्ये तो तिसऱ्यात आला. मधे हजारो माणसं दगड-मातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. भूकंपाच्या आधीच्या वर्षी, 1992मध्ये, धक्के जाणवलेही होते. पण मोठ्या भूकंपाची जुनी नोंद हाताशी नव्हती, म्हणून धोका नाही असं मानलं गेलं. ज्या भूमीत मोठा भूकंप शतकांच्या अंतराने येतो, तिथे काही दशकांच्या यंत्रनोंदींवर शिकलेली कृत्रिम बुद्धी हीच चूक जास्त आत्मविश्वासाने करील.

इथे भूकंपशास्त्राला इतिहासाच्या दारात यावं लागतं. 1948पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता. सरकारी कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, काही मोडीत. देवळाची डागडुजी, माफ केलेला सारा, कोसळलेला बुरूज अशा ओळींत एखादा भूकंप दडलेला असू शकतो. 2025मध्ये आयआयटी रूरकीच्या संशोधकांनी मोडीचं देवनागरीत लिप्यंतर करणारी प्रणाली मांडली. ती चुकणारच; मोडी जाणणारा माणूस शेजारी लागेल. तरी तज्ज्ञाला आयुष्यभरात चाळता येणार नाही इतका कागद ती पुढे सरकवील. माझ्या मते मराठवाड्याला कृत्रिम बुद्धिमत्तेचा भविष्यवाणीपेक्षा हा उपयोग मोठा आहे.

म्हणून अशी जुनी कागदपत्रं जपलेल्या देशमुख, कुलकर्णी, पाटील घराण्यांना विनंती: माळ्यावरचं दप्तर रद्दीत घालू नका. आधी पानन् पान फोटोत घ्या आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवा.