रिकामे काटे

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आजोबांचे मनगटी घड्याळ विकावे म्हणून पुण्याच्या लष्कर भागात घेऊन गेला. काट्यांच्या पोकळीतील 'रेडियम' गळून पडले होते. नवा लेप भरून त्यावर जुनाट पिवळी छटा चढविल्यास दाम अधिक येईल, असा सल्ला त्यास मिळाला. "फादर, यात पाप ते काय?" असे त्याने आम्हांस विचारले.

दुरुस्तीत पाप नाही. आजचा निरुपद्रवी लेप खुशाल भरावा आणि घेणाऱ्यास तसे सांगावे. परंतु नव्यास जुने म्हणून विकणे ही आठव्या आज्ञेने वर्ज्य केलेली खोटी साक्षच होय. ती केवळ जिभेनेच दिली जाते असे नाही.

शिवाय ती रिकामी जागाही साक्ष देते. १८९८ साली क्युरी दांपत्याने शोधलेले रेडियम पुढे घड्याळांत आले. त्याच्या किरणांनी लेपातील झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होते व उजेड विझतो. रेडियम मात्र निम्मे सरण्यास सोळाशे वर्षे लागतात. म्हणून असा लेप घरी खरवडू नये. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ऑरेंज येथे १९१७ पासून तरुण मुली ओठांनी कुंचल्यास टोक काढून तबकड्या रंगवीत. जबड्याची हाडे कुजून त्यांतील कित्येक मरण पावल्या. १९२८ साली त्यांतील पाच जणींना न्यायालयात झगडल्यावर भरपाई मिळाली.

आपला उजेड कोणाच्या जिवावर आला, हे विसरविणारा रंग आपण का चढवावा? पापनिवेदनास जाताना आपण प्रभूपुढे उणिवा रंगवून नेत नाही. आहे तसे उभे राहतो. घड्याळ विकतानाही तेवढाच प्रामाणिकपणा पुरे.